पहिले पाच फूट

८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी उत्तर कॅलिफोर्नियातल्या पुल्गा या वस्तीजवळ, जवळजवळ शंभर वर्षं जुन्या वीजवाहिनीचा झिजलेला लोखंडी आकडा तुटला. तार मनोऱ्याला घासली, ठिणग्या खालच्या सुक्या गवतात पडल्या आणि दरीतून सुटलेल्या ईशान्येच्या वाऱ्याने ती आग दीड-दोन तासांत पॅरडाइज या डोंगरमाथ्यावरच्या गावात आणून सोडली. सव्वीस हजारांच्या आसपास वस्तीचं गाव एका दिवसात जवळजवळ नाहीसं झालं. ८५ माणसं मृत्युमुखी पडली, १८,८०० हून अधिक इमारती जळाल्या. कॅलिफोर्नियाच्या इतिहासात इतका संहार दुसऱ्या कोणत्याही वणव्याने केलेला नाही.

नंतर गावावरून घेतलेली छायाचित्रं जगभर पोहोचली. त्यांत घरांच्या जागी राखेचे चौकोन आणि मध्येच उभी विटांची धुराडी दिसतात. अनेक गल्ल्यांत मात्र त्याच घरांच्या अंगणातले उंच पाइन वृक्ष हिरवे आहेत. ज्वाळांची भिंत जंगलातून चालत येते आणि वाटेतलं सगळं गिळत पुढे जाते, असं वणव्याचं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. तसं असतं तर आधी झाडं जायला हवी होती. झाडं उभी राहिली आणि घरं गेली, याचा अर्थ आग घरात वेगळ्याच वाटेने शिरली होती.

ती वाट कोणती, याचा शोध जॅक कोहेन यांनी त्याच्या बऱ्याच आधी घेतला होता. मोंटाना राज्यातल्या मिझूला इथे अमेरिकी वनखात्याची आगीचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे; कोहेन तिथले संशोधक होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये शास्त्रज्ञांनी जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून शेंड्याशेंड्यांतून पळणाऱ्या आगीची मोजमापं घेतली. कोहेन यांनी त्या आगीसमोर लाकडी भिंती उभ्या केल्या, दहा, वीस आणि तीस मीटरवर. दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. वीस मीटरवर आणि त्यापलीकडे एकही भिंत पेटली नाही. झाडांच्या दुप्पट उंच ज्वाळा समोर नाचत असूनही साधी लाकडी भिंत इतक्या अंतरावर टिकते, हे तोवर कोणी असं दाखवून दिलं नव्हतं. मग २००० साली न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसमध्ये वणव्याने घरं जळाली, तेव्हा कोहेन तिथेही जाऊन पाहून आले. घरांभोवतालची झाडं बऱ्याच ठिकाणी धड होती. जमिनीवरच्या पाइनच्या सुक्या सुयांमधून रांगत आलेली लहानशी आग लाकडी भिंतीला लागली होती आणि घर आतून जळून गेलं होतं.

कोहेन यांचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. घर पेटणार की नाही, हे दूरच्या जंगलापेक्षा घर स्वतः कशाचं आहे आणि त्याच्या भोवतीच्या शंभर-दोनशे फुटांत काय पडलं आहे, यावर ठरतं. हा परिसर घरमालकाच्या हातातला आहे. वणव्याविषयीच्या एवढ्या प्रचंड साहित्यात सामान्य माणसाला इतका धीर देणारी दुसरी गोष्ट सापडणं कठीण. या पुस्तिकेचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे.

आता त्या वाटेविषयी. मोठा वणवा पुढे सरकताना निखाऱ्यांचा पाऊस पाडत येतो. सालींचे तुकडे, काटक्या, शंकू, जळत्या घरांची लाकडं वाऱ्यावर उडतात आणि मैलभर पुढेही जाऊन पडतात. ज्वाळा अजून डोंगरापलीकडे असताना निखारे अंगणात पोहोचलेले असतात. ते सगळीकडे पडतात, बहुतेक विझतात. ज्याला खाली काही खायला मिळतं तो राहतो. छपराच्या पन्हळीत साठलेल्या सुक्या सुया, दारापुढचं काथ्याचं पायपुसणं, लाकडी डेकच्या फटींतला पाचोळा, खिडकीखालच्या वाफ्यातला लाकडाचा भुसा, भिंतीला टेकून ठेवलेला झाडू, बाकावरची गादी. पोटमाळ्याला हवा मिळावी म्हणून ठेवलेल्या झरोक्याची जाळी मोठ्या छिद्रांची असेल तर निखारा थेट आतच जातो. अशा घरात बाहेरून तासभर काहीच दिसत नाही आणि मग छप्पर एकदम पेट घेतं, वणवा पुढे निघून गेल्यावर. जवळ कोणी असतं तर बादलीभर पाण्याने ती सुरुवात विझली असती.

साउथ कॅरोलायनात विमा उद्योगाच्या पैशांवर चालणारी एक संशोधन संस्था आहे. तिच्या भल्यामोठ्या दालनात १०५ पंखे बसवलेले आहेत आणि त्यांच्यासमोर खरंखुरं, पूर्ण आकाराचं घर उभं करता येतं. निखाऱ्यांचा मारा करताना संशोधक एका घराचे दोन भाग करतात. अर्ध्या भागाभोवती नेहमीसारखी झुडपं, भुसा, लाकडी कुंपण. उरलेल्या अर्ध्याभोवती खडी, न जळणारं आवरण, बारीक जाळी. पंखे सुरू झाले की पहिला भाग काही मिनिटांत धडधडू लागतो आणि दुसरा भाग तसाच उभा राहतो. या प्रयोगांच्या चित्रफिती गावोगावच्या सभांत दाखवल्या जातात, आणि त्याचा उपयोग होतो. कारण लोकांना नियमांची यादी वाचून पटत नाही. पायपुसण्यावरून चढत गेलेली आग पाहिली की पटतं.

म्हणूनच सगळ्या मार्गदर्शिकांमध्ये भिंतीपासूनचे पहिले पाच फूट वेगळे काढलेले असतात. या पट्ट्यात जळण्याजोगं काहीही नको: खडी, दगड, फरशी, उघडी माती चालेल. सरपणाची रास भिंतीपासून तीस फूट दूर. भिंतीला येऊन भिडणारं लाकडी कुंपण असेल तर निदान शेवटचे पाच फूट धातूचं करायचं, म्हणजे आग कुंपणावरून चालत घरापर्यंत येणार नाही. झरोक्यांना इंचाच्या आठव्या भागाची, म्हणजे साधारण तीन मिलिमीटरची, किंवा त्याहून बारीक धातूची जाळी. पाच ते तीस फुटांच्या पट्ट्यात झुडपं एकमेकांना टेकू द्यायची नाहीत, गवत चार इंचांवर ठेवायचं, झाडांच्या खालच्या फांद्या छाटायच्या. नाहीतर जमिनीवरची आग फांदीफांदीने शेंड्यावर चढते. तीस ते शंभर फुटांत झाडं विरळ करायची. सगळं कापून ओसाड करायला कोणी सांगत नाही. या कामाला भीत असलेल्या वृक्षप्रेमी घरमालकांनी एवढं जरूर लक्षात घ्यावं की छाटलेल्या, सुट्या, पाणी दिलेल्या झाडाचं घराशी वैर नसतं. वैर असतं वर्षानुवर्षं न झाडलेल्या पाचोळ्याचं.

छप्पर हा वेगळाच धडा. २० ऑक्टोबर १९९१ रोजी ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागली आणि २५ माणसं गेली, सुमारे तीन हजार घरं गेली. त्या टेकड्यांवर लाकडी फळ्यांची छपरं भरपूर होती. जळत्या फळ्या उडून पुढच्या छपरांवर पडत होत्या, त्यांच्यापासून पुढची. वणवा जंगलाचा राहिलाच नव्हता. तो घरांवर जगत होता.

इथेच या विषयाची दुसरी, अधिक अवघड बाजू सुरू होते. एकदा घर पेटलं की तेच शेजाऱ्याच्या घराचं सरपण होतं, आणि त्याची धग झाडापेक्षा कितीतरी अधिक वेळ टिकते. पॅरडाइजमधल्या घरांचा पुढे अभ्यास झाला. १९९७ पूर्वी बांधलेल्या घरांपैकी साडेअकरा टक्के वाचली होती. त्यानंतरच्यांपैकी साडेअडतीस टक्के. बांधकामाने फरक पडतो हे त्यात दिसलं. पण घर वाचलं की गेलं, हे सांगणारी एक मोठी गोष्ट होती ती म्हणजे जवळचं जळलेलं घर किती अंतरावर होतं. आपण कितीही झाडलोट केली तरी पंधरा फुटांवरच्या बंद पडलेल्या घराच्या पन्हळीत पाचोळा असेल तर ती झाडलोट अपुरी पडते.

३० डिसेंबर २०२१ ला कोलोरॅडोत हेच घडलं. डेन्व्हरजवळच्या लुइसव्हिल आणि सुपीरियर या सपाटीवरच्या उपनगरांत जंगल नाही. आहे ते गवत. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात ते गवत पेटलं, आग लाकडी कुंपणांवरून धावत वसाहतींत शिरली आणि १,०८४ घरं गेली. दुसऱ्या दिवशी तिथे बर्फ पडला. आपण जंगलात राहत नाही, मग वणव्याशी आपला काय संबंध, असं समजून असलेल्या हजारो कुटुंबांची ती समजूत एका दुपारीत संपली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडीना या दाट वस्त्यांत सोळा हजारांहून अधिक इमारती जळाल्या आणि ३१ माणसं गेली, तेव्हा तर एका महानगराची.

शेजाऱ्यांनी एकत्र येण्याला पर्याय नाही तो यामुळे. अमेरिकेत या कामाला २००२ साली एक सुटसुटीत रूप मिळालं. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या जुन्या संस्थेने ‘फायरवाइज’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. किमान आठ आणि जास्तीत जास्त अडीच हजार घरांची वस्ती त्यात येऊ शकते. वस्तीने आधी वनखात्याच्या किंवा अग्निशमन दलाच्या माणसाला बरोबर घेऊन आपल्या धोक्याची पाहणी करायची, रहिवाशांची एक समिती नेमायची, तीन वर्षांचा आराखडा लिहायचा आणि दर वर्षी घरटी निदान एक तास श्रमाच्या मोलाचं काम किंवा खर्च करून दाखवायचा. एवढंच. आज चाळीसहून अधिक राज्यांत दोन हजारांवर वस्त्या या यादीत आहेत. ‘एक तास’ ऐकून हसू येईल, पण अट मुद्दाम इतकी हलकी ठेवलेली आहे. पहिल्या वर्षी माणसं एक तासासाठी येतात, एकमेकांची अंगणं पहिल्यांदा पाहतात, कोणाच्या घरी वृद्ध आई आहे आणि कोणाकडे पाण्याची टाकी आहे हे कळतं. खरं काम दुसऱ्या वर्षापासून होतं.

कॅलिफोर्नियात १९९३ पासून ‘फायर सेफ कौन्सिल’ या नावाने गावोगावी अशाच समित्या उभ्या राहिल्या. त्यांचं सर्वांत लोकप्रिय काम म्हणजे फांद्या भरडणारं यंत्र गल्लीत आणणं. छाटणी करायला माणूस तयार असतो. छाटलेल्या फांद्यांच्या ढिगाचं करायचं काय, इथे तो अडतो. ढीग रस्त्याच्या कडेला लावून ठेवा, ठरल्या दिवशी यंत्र येईल, एवढं सांगितलं की मोहल्लाच्या मोहल्ला शनिवारी अंगणात उतरतो. उतारांवर जिथे यंत्र जात नाही तिथे शेळ्यांचे कळप भाड्याने आणले जातात. त्या काटेरी झुडपंही संपवतात आणि मुलं त्यांना पाहायला जमतात. अशा निमित्तानेही शेजारी बोलू लागतात. कोलोरॅडोतल्या बोल्डर परगण्याने २०१४ पासून आणखी पुढचं पाऊल टाकलं: प्रशिक्षित माणूस तुमच्या घरी येतो, तुमच्याबरोबर घराला फेरी मारतो, फोटोंसकट यादी देतो, यादी पुरी झाली की प्रमाणपत्र देतो आणि ते विमा कंपनीपुढे ठेवता येतं. उपदेशपर पत्रकापेक्षा घराभोवतीची ही एक फेरी अधिक कामाची, असं या लेखकाचं स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न इतका वाढला कसा, तेही सांगायला हवं. विसाव्या शतकातलं अमेरिकी धोरण प्रत्येक आग विझवण्याचं होतं. १९३५ मध्ये वनखात्याने नियमच केला की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे. १९४४ पासून स्मोकी नावाचं टोपीवालं अस्वल मुलांना सांगू लागलं की वणवा थांबवणं तुमच्या हातात आहे. हेतू चांगला होता. पण पश्चिमेकडची पाइनची जंगलं लहान आगींवर वाढलेली आहेत. दर काही वर्षांनी जमिनीवरून जाणारी मंद आग पाचोळा आणि रोपटी साफ करायची, जाड सालीची मोठी झाडं तग धरायची. क्लॅमथ नदीच्या खोऱ्यातले करुक आणि युरोक लोक तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या ऋतूत रान पेटवत आले. टोपल्या विणायला लागणाऱ्या हेझलच्या सरळ, लवचीक काड्या आगीनंतरच फुटतात. सरकारने ते बंद केलं, करणाऱ्यांना शिक्षा केल्या. शंभर वर्षांत जळण साठत गेलं. त्याच काळात लोक रानाच्या कडेला राहायला आले. १९९० मध्ये अशा सीमेवर अमेरिकेत ३ कोटी ८ लाख घरं होती, २०१० मध्ये ४ कोटी ३४ लाख. त्यात वाढता उन्हाळा आणि लांबलेले दुष्काळ.

आता चाक उलटं फिरू लागलं आहे. हंबोल्ट परगण्यात २०१८ मध्ये शेतकरी, पशुपालक आणि वनस्पतीप्रेमींनी मिळून कॅलिफोर्नियातला पहिला नियोजित जाळणी संघ काढला. ओलावा, वारा, मनुष्यबळ सगळं जमल्याची खात्री करून शेजारी शेजाऱ्याच्या कुरणात आग लावतात आणि दिवसअखेर विझवतात. करुक आणि युरोक लोकही आपल्या पद्धतीने पुन्हा जाळणी करू लागले आहेत. या मार्गाला धोका नाही असं नाही. लॉस अलामोसची ज्या वणव्यात हानी झाली तो राष्ट्रीय उद्यान खात्याने लावलेल्या नियोजित आगीतूनच सुटला होता. म्हणून जाळणीचं काम हौशी घरमालकाने एकट्याने करायचं नाही. ते शिकून, परवानगी घेऊन, माणसं जमवून करायचं.

वणवे लागतात कसे, याबद्दल एक आकडा पुरे: १९९२ ते २०१२ या काळात अमेरिकेत नोंदल्या गेलेल्या वणव्यांपैकी ८४ टक्के माणसाने लावलेले होते, बहुतेक नकळत. २०१८ मध्ये रेडिंग शहरात शिरलेला ‘कार’ नावाचा वणवा एका ट्रेलरच्या फुटलेल्या टायरमुळे लागला. उघडी पडलेली लोखंडी कड रस्त्याला घासली आणि ठिणग्या उडाल्या. गवत कापायचं ते सकाळी दहाच्या आत, हा सल्लाही याच कारणाने दिला जातो. पात्याला दगड लागून ठिणगी उडते आणि दुपारी गवत कोरडंठाक झालेलं असतं.

घराची तयारी करणाऱ्या माणसाला एक भ्रम होण्याचा धोका असतो, की आता आपण थांबून घर वाचवू शकू. ऑस्ट्रेलियाने या भ्रमाची जबर किंमत मोजली. व्हिक्टोरिया राज्यात १९८३ च्या वणव्यांनंतर शेजारगट बांधण्याचं फार चांगलं काम झालं होतं. १९९३ पासून ग्रामीण अग्निशमन दल गल्लीगल्लीत बैठका घेत होतं. तयारी करा, मग थांबून लढा किंवा लवकर निघा, असं तिथलं धोरण होतं आणि साध्या वणव्यांत ते चालतही होतं. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नमध्ये पारा ४६ अंशांपुढे गेला आणि त्या दिवसाच्या आगीत १७३ माणसं गेली. बरेच जण घरातच सापडले. चौकशी आयोगानंतर धोरण बदललं. आता धोक्याची सर्वांत वरची पायरी जाहीर झाली की सांगणं एकच असतं, निघा. अशा दिवसासाठी कोणतंही घर बांधलेलं नसतं.

निघण्याचीही तयारी लागते. पॅरडाइजने ती केली होती, हे फार लोकांना ठाऊक नाही. २००८ मध्ये एक वणवा गावाच्या वेशीपर्यंत आल्यावर गावाने आपले विभाग पाडले, कोणत्या विभागाने कधी निघायचं ते ठरवलं, २०१६ मध्ये मुख्य रस्ता एकेरी करून रंगीत तालीमसुद्धा घेतली. तरी त्या सकाळी आग योजनेपेक्षा वेगाने आली. अनेकांपर्यंत इशारा पोहोचलाच नाही, रस्ते तुंबले. गेलेल्यांमध्ये बहुसंख्य वृद्ध होते. तालीम वाया गेली म्हणावं काय? नाही, हजारो लोक त्या रस्त्यांवरून बाहेर पडले. पण इशाऱ्याची वाट पाहत बसू नये, हे मात्र तेव्हा आणि पुन्हा २०२५ मध्ये दिसलं. अल्टाडीनाच्या पश्चिम भागात घर सोडण्याचा आदेश कित्येक तास उशिरा आला आणि तिथले जवळजवळ सगळे मृत्यू त्याच भागातले होते. धूर आणि निखारे दिसले की तोच आदेश समजायचा.

छोट्या गोष्टींनी जीव जातात. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या नापा-सोनोमाच्या वणव्यांत वीज गेली आणि गॅरेजचे विजेवरचे दरवाजे उघडता न आल्याने काही माणसं अडकली. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा केला की नव्या दरवाजांना बॅटरी हवी. घरातल्या प्रत्येकाने, म्हाताऱ्या माणसानेही, तो दरवाजा हाताने एकदा उघडून पाहिलेला असावा. धोक्याच्या दिवसांत गाडी तोंड रस्त्याकडे करून लावावी, टाकी अर्ध्याच्या वर ठेवावी. औषधं, चष्मा, पासपोर्ट आणि घराची कागदपत्रं, जुने फोटो, थोडी रोकड एका पिशवीत. आणि ज्यांना गाडी चालवता येत नाही असे शेजारी कोण, त्यांच्या दारावर थाप कोण मारणार, हे नावानिशी ठरलेलं.

पैशाचा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणं अप्रामाणिक होईल. पन्हळ साफ करायला फुकट हात पुरतात, जाळी बसवायला थोडे पैसे लागतात. पण छप्पर बदलणं, दुहेरी कडक काचेच्या खिडक्या, न जळणारं बाह्य आवरण यांचा खर्च हजारो डॉलरांत जातो. पॅरडाइजसारख्या गावांत निवृत्त, बेताच्या उत्पन्नाची माणसं राहायला येतात ती शहरातलं घर परवडत नाही म्हणून. त्यांना नुसती यादी हातात देणं पुरेसं नाही. दुसरीकडे २०२३ मध्ये राज्यातल्या सर्वांत मोठ्या घर-विमा कंपनीने कॅलिफोर्नियात नव्या पॉलिसी देणं थांबवलं आणि अनेकांना ‘फेअर प्लॅन’ या शेवटच्या, महागड्या आसऱ्याकडे जावं लागलं. २०२२ पासून राज्याच्या नियमानुसार कंपन्यांना घराची आणि वस्तीची तयारी पाहून हप्त्यात सवलत द्यावी लागते. सवलत मिळते, पण अनेकांच्या मते केलेल्या खर्चापुढे ती फार थोडी आहे. ही तक्रार रास्त आहे.

पहिल्या पाच फुटांवरूनही वाद पेटला आहे. तो पट्टा मोकळा ठेवण्याचा कायदा २०२० मध्ये झाला, पण तपशिलाचे नियम वर्षानुवर्षं रखडले. लॉस एंजेलिस जळल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यपालांनी ते लवकर करण्याचा आदेश काढला. मग जाहीर सुनावण्यांत लोक उभे राहून विचारू लागले की पाणी दिलेलं हिरवं झुडूप खरंच घर जाळतं का, आणि शहरातल्या सावलीचं काय. दोन्ही बाजूंकडे अभ्यासू माणसं आहेत. लाकडी भुसा, सुकं गवत आणि भिंतीला टेकलेलं सरपण यांबद्दल मात्र कोणाचंच दुमत नाही, तेव्हा वाद मिटेपर्यंत तेवढं तरी हलवायला काय हरकत आहे?

सगळं जमून आलं तर काय होतं, याचं उदाहरणही आहे. सान डिएगोजवळच्या रँचो सांता फे इथे अग्निशमन खात्याने काही नव्या वसाहतींत आधीपासूनच कडक नियम लावले होते: न जळणारी छपरं, झरोक्यांना जाळ्या, रुंद रस्ते, घराभोवतीच्या हिरवळीवर देखरेख. ऑक्टोबर २००७ मध्ये विच क्रीक वणवा त्या वसाहतींवरून गेला. आजूबाजूला शेकडो घरं जळाली. या वसाहतींतलं एकही घर गेलं नाही. त्या श्रीमंत वसाहती होत्या आणि नव्या होत्या, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

मराठी वाचकासाठी ही पुस्तिका का? एक तर सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती हजारो मराठी कुटुंबं स्थायिक झाली आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये कोरड्या विजा कोसळून सान होजेच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांत एकाच वेळी वणवे भडकले, सांताक्रूझच्या डोंगरात नऊशेच्या वर घरं गेली, तेव्हा यांतल्या कित्येकांनी पहिल्यांदा सामानाची पिशवी भरली. दुसरं, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा-काजूच्या बागायतदाराला वणवा काय ते कोणी शिकवायला नको. नवं गवत चांगलं फुटेल या समजुतीने डोंगर पेटवला जातो, वारा फिरतो आणि पंधरा वर्षं जोपासलेली कलमं एका दुपारी करपतात. कधी गोठा आणि गवताच्या उडव्याही जातात. वनखातं जाळरेषा काढतं, पण प्रत्येक बागेच्या बांधावर ते पोहोचू शकत नाही. सह्याद्रीतलं गवत आणि कॅलिफोर्नियातला पाइन वेगळे, हवामान वेगळं, घरं वेगळी. तिथले नियम जसेच्या तसे इथे लावण्यात अर्थ नाही. वस्तीने आग लागण्याआधी एकत्र बसून कोणाची हद्द, कोणाचा पाचोळा आणि कोणाचा धोका हे ठरवणं मात्र दोन्हीकडे सारखंच गरजेचं आहे.

पुढच्या प्रकरणांत घराच्या प्रत्येक भागाची पाहणी कशी करायची, समिती कशी बांधायची, छाटणीचा दिवस कसा ठरवायचा आणि घर सोडायची वेळ आली तर काय करायचं, हे क्रमाने दिलं आहे. सगळं एका दमात वाचायची गरज नाही. वाचकाला विनंती इतकीच की येत्या रविवारी पुस्तिका हातात घेऊन घराभोवती एक फेरी मारावी, पन्हळ साफ करावी, भिंतीला टेकलेलं सरपण हलवावं आणि परत येताना शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून त्यालाही बरोबर घ्यावं.